विश्लेषण : घाटावरच्या शिक्षकाची ‘स्टाफरूम’ मोबाइलमध्ये, पण त्यातून मुलांच्या पदरात काय पडते?

डिजिटल डेस्क

राज्यातला क्वचितच एखादा जिल्हा परिषद शिक्षक असेल, जो आज किमान चार-पाच व्हॉट्सअॅप गटांत नाही. केंद्राचा गट, तालुक्याचा गट, विषयाचा गट, संघटनेचा गट आणि त्यापलीकडे यूट्यूब, फेसबुक, टेलिग्राम. या माध्यमांतून शिक्षक शिकतात, हे आता कोणी नाकारत नाही. प्रश्न पुढचा आहे. शिक्षक जे शिकला, ते वर्गातल्या मुलापर्यंत पोहोचते का? हा प्रश्न पुण्या-ठाण्यापेक्षा सातपुड्यातल्या तोरणमाळसारख्या ठिकाणी जास्त टोकदार होतो. तेथे रेंज कमी, मुलांची घरची भाषा वेगळी आणि बरोबरीचे शिक्षक कमी. म्हणूनच तोरणमाळ डोळ्यांसमोर ठेवून हा विषय समजून घेऊ.

तोरणमाळचा प्रश्न वेगळा का?

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात येते. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपासचे हे पठार पर्यटकांना यशवंत तलाव आणि सीताखाईमुळे माहीत असते. शहाद्याहून निघाले की सात पायरी घाट चढून वर जावे लागते. पण शाळेच्या दृष्टीने तोरणमाळ म्हणजे फक्त पठार नव्हे. झापी, फलाई, खडकी, सिंदीदिगर अशी गावे आणि त्यांचे विखुरलेले पाडे डोंगर-दऱ्यांत पसरलेले आहेत. पाच-सहा घरांचा एक पाडा, मग एक दरी, मग दुसरा पाडा, अशी ही वस्ती आहे.

शिक्षण विभागाच्या कागदपत्रांतही तोरणमाळचे नाव येते. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याबाबत शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा उदाहरण म्हणून नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचा उल्लेख केला होता. तोरणमाळला परिसरातील पाड्यांवरची मुले निवासी शाळेत राहून शिकतात. समूह शाळेच्या कल्पनेवर मोठा वाद झाला. घराजवळची शाळा बंद होऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेत अनेक कार्यकर्त्यांनी सांगितले. तो वाद वेगळा आहे. पण त्या वेळी समोर आलेली आकडेवारी आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे.

राज्यात वीस किंवा त्यापेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते. भागाकार केला तर प्रत्येक शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक येतात. म्हणजे राज्यातल्या जवळपास तीस हजार शिक्षकांना शाळेत ‘स्टाफरूम’ नावाची गोष्टच नाही. एखाद्या मुलाला वजाबाकी का जमत नाही, याबद्दल बोलायला एकच सहकारी आणि तो रजेवर गेला की कोणीही नाही. सोशल मीडियाची खरी गरज येथून सुरू होते.

शिक्षकांचे हे जाळे कसे विणले गेले?

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकायची व्यवस्था महाराष्ट्रात मोबाइलच्या आधीपासून आहे. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याचा केंद्रप्रमुख आणि महिन्याला होणारी शिक्षण परिषद ही ती व्यवस्था. अडचण एवढीच, की परिषद महिन्यातून एकदा होते आणि अडलेले मूल रोज समोर बसलेले असते.

२२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्गांची चर्चा राज्यभर होत होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखालील या शाळा पाहायला दूरदूरचे शिक्षक येत. फरशीवर आखलेले तक्ते, खडे-काड्यांनी मांडलेली गणिते, गटात बसलेली मुले यांचे फोटो मग व्हॉट्सअॅपवरून जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरले. ज्याला साताऱ्याला जाणे शक्य नव्हते, त्याने फोटो पाहून आपल्या वर्गाची फरशी रंगवली.

याच काळात शिक्षकांचे स्वतःहून उभे राहिलेले समूहही वाढले. विक्रम अडसूळ यांच्या पुढाकारातील ‘अॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’ आणि भाऊसाहेब चासकर संयोजक असलेला ‘अॅक्टिव्ह टीचर्स फोरम’ ही त्यातली ठळक नावे. मोबाइलवरील चर्चेपासून प्रत्यक्ष संमेलनांपर्यंत हे समूह गेले. सरकारी बाजूने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आले, तर २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले आणि करोनाकाळात ते ऑनलाइन झाले.

दोन्हींत फरक आहे. ‘दीक्षा’वर शिक्षकाला तयार साहित्य मिळते. समूहात त्याला ‘माझ्या वर्गात हे चालले नाही’ असे सांगता येते. शिक्षणशास्त्रात याला ‘सरावसमूह’ म्हणता येईल असा विचार आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या विचाराचे सार असे की, माणूस काम करणाऱ्यांच्या सोबतीत, त्यांच्या कामात हळूहळू सहभागी होत शिकतो. सुतारकाम शिकणारा मुलगा जसा आधी रंधा धरायला शिकतो, तसाच नवा शिक्षक जुन्या शिक्षकाचे पाहून शिकतो. घाटावरच्या शाळेत जुना शिक्षक शेजारच्या वर्गात नसतो. तो मोबाइलमध्ये शोधावा लागतो.

परितेवाडीची गोष्ट नेमके काय सांगते?

या विषयावर बोलताना रणजितसिंह डिसले यांचे नाव येतेच. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील या शिक्षकाला ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ही त्यांची ओळख. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि नंतर एनसीईआरटीनेही स्वीकारली.

पण या गोष्टीतला पहिला टप्पा बहुतेक जण विसरतात. २००९ मध्ये डिसले परितेवाडीला गेले, तेव्हा शाळेची इमारत पडकी होती आणि मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक मात्र त्या भाषेत नव्हते. त्यांनी आधी कन्नड शिकून घेतली, मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि त्यानंतर त्याला क्यूआर कोड जोडले. म्हणजे भाषा आधी, कोड नंतर. पुढे व्हिडीओ कॉलवरून त्यांनी जगभरातील वर्ग एकमेकांशी जोडले, पण त्याचा पाया या भाषेच्या कामात होता.

तोरणमाळला हाच धडा लागू पडतो. येथील मुलांच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ६९ टक्के आहे आणि साक्षरतेत जिल्हा राज्यात तळाला होता. पहिलीत येणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही जवळपास नवी भाषा असते. यूट्यूबवर पुण्यातल्या शिक्षकाने केलेला मराठी कवितेचा सुंदर व्हिडीओ त्याला दाखवला, तर चित्रे कळतील, शब्द कळतीलच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. ते ‘शक्य’ करण्याची जबाबदारी शेवटी वर्गातल्या शिक्षकावर येते. व्हिडीओ जसाच्या तसा पुढे ढकलणे आणि तो मुलांच्या भाषेत उतरवणे, या दोन गोष्टींतले अंतर त्यालाच कापावे लागते.

करोनाकाळाने काय दाखवले?

एप्रिल २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू केला. रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवरून शिक्षकांकडे आणि तेथून पालकांकडे जाई. नोव्हेंबरमध्ये ‘व्हॉट्सअॅप स्वाध्याय’ आला. मुलाने मोबाइलवर प्रश्न सोडवायचे आणि लगेच उत्तर तपासून मिळायचे, अशी त्याची रचना होती.

त्याच वर्षीच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील ६१.८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. म्हणजे दोन वर्षांत मोठी उडी झाली. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही साहित्य मिळालेली मुले साधारण एक तृतीयांश होती. ज्यांना मिळाले, त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅप हेच मुख्य माध्यम होते. घरात फोन असणे आणि मुलापर्यंत अभ्यास पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळले. फोन घरातल्या कमावत्या माणसाकडे असतो. तो कामावर गेला की फोनही जातो. कुटुंब हंगामात उसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेले की गटातला नंबरही शाळेपासून तुटतो.

आणखी एक मुद्दा आहे. व्हॉट्सअॅप वापरण्याचे किमान वय १३ वर्षे आहे. प्राथमिक शाळेतले मूल त्या वयाचे नसते. त्यामुळे प्राथमिक स्तरावर हे माध्यम मुळात शिक्षकासाठी आणि पालकासाठी आहे, मुलासाठी नाही. ही रेषा स्पष्ट ठेवली, तर अपेक्षाही ताळ्यावर राहतात.

रेंज नसेल, तर उपयोग काय?

येथे थोडे तंत्र समजून घ्यायला हवे. सातपुड्यात अनेक ठिकाणी रेंज एखाद्या टेकडीवर किंवा वळणावरच मिळते. थेट व्हिडीओ वर्गासाठी अखंड आणि वेगवान जोडणी लागते. व्हॉट्सअॅपचा साधा संदेश मात्र तशी मागणी करत नाही. फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल, तर संदेश सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबतो आणि रेंज आली की पोहोचतो. पोस्टमनने टपाल राखून ठेवावे, तसे हे आहे.

दुसरा मुद्दा आकाराचा. समजा, वेग सेकंदाला १०० किलोबिट इतकाच मिळतो आहे. दहा एमबीचा व्हिडीओ म्हणजे ८० मेगाबिट. तो उतरायला १३ मिनिटांहून अधिक लागतील, तेही रेंज मध्येच गेली नाही तर. उलट एका मिनिटाचा आवाजी संदेश साधारण १२० केबीचा असतो. तो दहा सेकंदांत येतो. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅप स्वतःच लहान करून पाठवते, तोही काही सेकंदांचे काम.

म्हणून कमी रेंजच्या भागातील शिक्षकांच्या गटात व्हिडीओऐवजी आवाज, फोटो आणि चार ओळींचा मजकूर हीच खरी कामाची सामग्री ठरते. गटातल्या शहराजवळच्या सदस्यांनी एवढे लक्षात ठेवले, तरी घाटावरचा सहकारी चर्चेत राहील.

तंत्रज्ञान नंदुरबारला नवे नाही. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. पण कार्यक्रमाच्या दिवशी पोहोचलेले तंत्र रोजच्या वापरात टिकवायला वेगळी मेहनत लागते. शाळेच्या बाबतीतही तेच आहे.

गट उपयोगी आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

एक काल्पनिक पण कोणत्याही शिक्षकाला ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. पाड्यावरच्या शाळेत तिसरीतली मुलगी ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिते. चूक आहे, पण आंधळी नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. ‘हातचा चुकला’ असा शेरा मारून काम भागत नाही.

शिक्षिकेने वहीचा फोटो काढला, नाव झाकले आणि गटात विचारले, ‘ही चूक तुमच्याकडे येते का? काय केलेत?’ एकाने आवाजी संदेशात सांगितले, दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. त्यातून सात सुट्या मागा. मुलगी अडेल. मग तिलाच गठ्ठा सोडू द्या. दुसरीने सुचवले, तिला ते पावरीत बोलायला सांगा, मराठी वाक्याची घाई करू नका. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी तसे केले. आठवड्याने ६४ वजा ३८ हे नवे गणित दिले. उत्तर ३४ आले की २६, हे गटात कळवले.

या साऱ्यात इंटरनेट काही केबी खर्च झाले. पण यातले चार टप्पे महत्त्वाचे आहेत. मुलाच्या कामातून प्रश्न निघाला, सहकाऱ्यांनी अनुभव दिला, वर्गात तो करून पाहिला आणि निकाल परत गटात आला. चौथा टप्पा बहुतेक गटांत गळतो. कल्पना येतात, ‘छान उपक्रम, सर’ असे अंगठे येतात, पण वर्गात काय झाले हे कोणी सांगत नाही. ज्या गटात फसलेला प्रयोगही सांगता येतो, तो गट शिकतो आहे असे समजावे.

मग अडचण कोठे येते?

पहिली अडचण गर्दीची. २०१६ मध्ये व्हॉट्सअॅप गटाची मर्यादा २५६ सदस्यांची झाली, २०२२ मध्ये ती १,०२४ वर गेली. इतक्या मोठ्या गटात प्रत्येकाने दिवसातून एकदा ‘सुप्रभात’ म्हटले आणि प्रत्येक संदेशाला तीन सेकंद लागले, तरी वाचणाऱ्याची जवळपास ५० मिनिटे जातात. शिकण्यासाठीचा गट लहान हवा, तो याचसाठी.

दुसरी अडचण आदेशांची. ज्या गटात अध्यापनावर बोलायचे, तेथेच ‘तातडीचे’, ‘आजच माहिती भरा’, ‘लिंक उघडा’ असे संदेश पडतात. मग शिक्षक गट उघडतो ते भीतीने, उत्सुकतेने नव्हे.

तिसरी अडचण पुराव्याच्या फोटोंची. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिक्षण विभागाने दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटांसह सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर टाकण्याचा आदेश काढला होता. गळती रोखणे हा हेतू होता. जोरदार विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. आदेश गेला, पण सवय राहिली. आज कोणताही दिवस साजरा झाला की फोटो वर पाठवावा लागतो. उपक्रम फोटोसाठी होऊ लागला की त्यातले शिकणे बाजूला पडते. घाटावरच्या शिक्षकाचे तर दुहेरी नुकसान होते. त्याला तोच फोटो पाठवायला रेंज शोधत जावे लागते आणि तेवढा वेळ वर्ग रिकामा राहतो.

नियम काय सांगतात?

शिक्षकांच्या रील्स आता चांगल्याच लोकप्रिय आहेत. त्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. राज्य सरकारने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, शासनाच्या धोरणावर टीका करू नये, वैयक्तिक खात्यावरील फोटो-रील्समध्ये शासकीय बोधचिन्ह, इमारत, वाहन यांचा वापर टाळावा, असे त्यात आहे. योजनांच्या यशाबद्दल लिहिता येते, पण त्यातून आत्मस्तुती होऊ नये, अशीही सूचना आहे. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरायला मात्र मुभा आहे. म्हणजे सहकाऱ्यांच्या गटात वजाबाकीवर बोलणे आणि वर्गातून रील टाकणे या एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी नाहीत.

दुसरी गोष्ट मुलांच्या खासगीपणाची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीचे तत्त्व आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. कायद्याची बाजू राहू दे, साधा विचार केला तरी पुरे. पाड्यावरच्या आई-वडिलांकडे अनेकदा समाजमाध्यम खातेच नसते. मुलीचा अडखळत वाचतानाचा व्हिडीओ हजारो लोक पाहत आहेत, हे त्यांना कळणारही नाही. वहीचा फोटो पुरत असेल, तर चेहरा कशाला?

पुढे काय करता येईल?

यासाठी नवे अॅप नको. केंद्रप्रमुखांनी दोन गट वेगळे ठेवले, एक आदेशांचा आणि एक फक्त अध्यापनाचा, तर अर्धे काम होते. अध्यापनाच्या गटात वीस-पंचवीस शिक्षक असावेत. पावरी आणि भिली जाणणाऱ्या स्थानिक शिक्षकांचे आवाज त्यात नोंदले जावेत. एखाद्या पाठातले अवघड शब्द मुलांच्या बोलीत कसे सांगायचे, याचे एकेका मिनिटाचे आवाजी संदेश साठत गेले, तर बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच आधार मिळेल. बदली झाली तरी तो साठा तेथेच राहील. आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत गटातला एक प्रश्न, त्यावर काय केले आणि मुलांच्या वह्यांत काय बदलले, एवढे मांडले, तर मोबाइलवरची चर्चा जमिनीवर येईल.

तोरणमाळच्या परिसरातल्या शिक्षकाला सोशल मीडिया शहरातल्या शिक्षकापेक्षा जास्त देऊ शकतो, कारण त्याला सोबतीची गरज जास्त आहे. पण त्याचा हिशेब गटातल्या अंगठ्यांवर करता येणार नाही. तो तिसरीतल्या त्या मुलीच्या वहीत, पुढच्या वजाबाकीच्या उत्तरातच पाहावा लागेल.